दार मालकानं ओढायचं

"पाठ फिरव! ए किल्लीवाल्या, पाठ फिरव म्हणून राह्यलो ना!"

अकोटच्या एका जिनिंगवाल्याच्या घरात थोरला भाऊ माझ्यावर असा ओरडत होता, की छपरावरची कबुतरं उडाली ती थेट सातपुड्यात जाऊन बसली असतील. गंमत अशी, की माझी पाठ आधीच फिरलेली होती. तिजोरीची मूठ अर्धी फिरवून, बाजूला सरकून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून निमूट उभा होतो.

"फिरवली आहे, दादा," मी म्हणालो.

"मंग अजून फिरव!"

आता फिरवलेली पाठ अजून फिरवली, तर तोंड पुन्हा तिजोरीकडंच येतं, हे त्याला कोण सांगणार? तेवढ्यात मधला भाऊ थोरल्यावर घसरला. "अन् तू काहून तिकडं पाहून राह्यला बे? तूही फिर."

"मी थोरला हाये."

"थोरला हाये म्हणूनच फिर," धाकटा म्हणाला. "बाबा आजारी होते तवा चाबीचा झुबका कोणापाशी होता?"

"अन् तू? तू त फिरच फिर!"

असं करता करता तिघांनीही एकमेकांना पाठ फिरवायला लावली. राजेहो, चार धट्टीकट्टी माणसं चार भिंतींकडं तोंड करून उभी, आणि मधोमध ती काळी तिजोरी, कुलूप उघडलेलं, दार लोटलेलं, बिचारी आमच्या पाठी पाहत. दार ओढायला कोणीच नाही. शेवटी चहा घेऊन थोरल्या वहिनी आल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि दार ओढलं.

मग अशी किंकाळी आली, की माझ्या नाकासमोरचं कॅलेंडर डिसेंबरवर गेलं.

"बाबा हासून राह्यले!"

तिघं भाऊ दाराबाहेर, चहा जमिनीवर. मी मात्र वळलो नाही. आत काय होतं ते मला नंतर वहिनींनीच पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. वरच्या कप्प्यात, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, म्हाताऱ्याची कवळी होती, सोन्याच्या दातासकट. बाबा गेले तेव्हा सगळं घर शोधून ती सापडली नव्हती आणि त्यांना बोळक्या तोंडानंच न्यावं लागलं होतं. आजारपणात अंथरुणावरून न उठलेल्या माणसानं ती तिजोरीत कधी ठेवली, हे त्या घरात कोणालाच सांगता आलं नाही.

मी याकोब. अकोल्याच्या जुन्या बाजारात माझं तिजोऱ्या उघडायचं दुकान होतं. सायकलच्या कुलपापासून सावकाराच्या कपाटापर्यंत काहीही उघडायचो, पण नाव होतं ते तिजोरीसाठी. किल्ली हरवली, म्हातारा किल्लीची जागा न सांगता गेला, गंज धरला, की अमरावतीपासून अकोटपर्यंत लोक म्हणायचे, याकोबभाऊले बोलवा. मी एक सांगितलं तर त्यातून अर्धं वजा करायचं, अशीही माझी ख्याती आहे. वजा करा. पण पुढं परतवाड्याचं जे येईल, त्यातून वजाबाकी करायला गेलात तर तुमच्या हाती काही लागणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आता हा धंदा नेमका काय ते सांगतो. जुन्या तिजोरीचं भोक समोर दिसतं ते बहुतेक खोटं असतं. खरं भोक एखाद्या पितळी फुलाखाली नाही तर रिबिटाखाली दडलेलं असतं. रिबीट दाबून सरकवलं की ते उघडं पडतं. आत पितळेच्या पट्ट्या असतात एकावर एक. किल्लीचा एकेक दात एकेका पट्टीला बरोबर हव्या त्या उंचीवर उचलतो. जास्त नाही, कमी नाही. सगळ्या पट्ट्या एका रांगेत आल्या की बोल्ट सरकतो. किल्ली नसेल तर आम्ही तेच काम दोन वाकड्या तारांनी करतो. एका तारेनं दाब द्यायचा, दुसरीनं एकेक पट्टी चाचपायची. डोळ्यांचं इथं काही काम नाही. कान आणि बोटं. जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, त्याला रॉकेलचा थेंब पाजायचा आणि वाट पाहायची. माझ्या उस्तादांना, रहमतचाचांना, लोक विचारत, किती वेळ लागेल? चाचा म्हणत, "उसको पूछो," आणि तिजोरीकडं बोट दाखवत.

चाचांनी मला दोन नियम शिकवले. एक, वर्षानुवर्षं बंद असलेली तिजोरी उघडली की तिच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. ती पहिला श्वास सोडते. हसू नका. आतली हवा ज्या दिवशी दार लागलं त्या दिवसाची असते. मूर्तिजापुरात एका तिजोरीतून मोगऱ्याचा वास आला, तोही असा ताजा, की घरातली म्हातारी बसल्या जागी रडायला लागली. तिच्या लग्नातले दागिने त्यात ठेवले तेव्हा तिच्या केसांत गजरा होता. म्हातारीचे केस गेले होते, वास राहिला होता.

दुसरा नियम मोठा. "बेटा, मूठ तेरी, दरवाजा मालिक का." म्हणजे मूठ अर्धी फिरवून कुलूप सुटल्याचा आवाज आला की आपलं काम संपलं. बाजूला व्हायचं, पाठ करायची. दार मालकानंच ओढायचं. आत काय आहे ते आपण बघायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या तिजोऱ्या उघडल्या, पण तिजोरीचं पोट मी पाहिलं नव्हतं. हलवायानं जिलबी चाखू नये तसं.

या दोन नियमांत मी माझा एक घातला. तारा हातात घेण्याआधी प्रभूची प्रार्थना मनात म्हणायची. त्यात परीक्षेत पाडू नकोस असं मागणं येतं, तिथं मी जरा थांबून, जोर देऊन म्हणायचो. चाचांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "अच्छा है. तेरा वाला भी देख रहा, मेरा वाला भी देख रहा. चोरी को जगह कहाँ बची?"

तिजोरी माणसाला किती वाकवते, ते दर्यापूरकडं पाहिलं. तिथली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. एका घरात पणजोबांनी बसवलेली तिजोरी दर पावसाळ्याला जरा जरा खाली जात होती. फरशी फोडून नवी घातली, तीही गेली. मी गेलो तेव्हा कुलपाचं भोक जमिनीपासून वीतभर उरलं होतं. मालक मोठा माणूस, पोट पुढं आलेलं. तो रोज सकाळी अंघोळ करून त्या तिजोरीपुढं गुडघे टेकायचा, मग ओणवा व्हायचा, मग गाल फरशीला लावायचा आणि तसं किल्ली फिरवायचा. मी म्हटलं, शेटजी, वर काढून देतो, माणसं लावू. तर घाबरून म्हणाला, "नको नको. बाबा म्हणत, खालून कोणीतरी ओढून राह्यलं. आपण जोरात वढलं त थोही जोरात वढील." मी फरशीला कान लावला. खोटं सांगत नाही, खालून चिखलात पाय काढताना होतो तसा आवाज आला. मी मजुरी न घेता निघालो, आणि अकोल्याची बस सुटायच्या आधी बसमध्ये होतो.

आता परतवाडा.

ते वर्ष माझ्यासाठी वाईट होतं. दुकानाची इमारत विकली गेली. नवा मालक चांगला माणूस, पण म्हणाला, याकोबभाऊ, नाताळापर्यंत राहा. पुढं राहायचं तर अनामत भरा. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी हसलो, कारण रडायला पुरुषाला बाजारात जागा नसते. त्या दुकानात चाचा बसायचे. फळीला त्यांच्या कोपराचा खड्डा पडलेला होता आणि त्यात माझं कोपर बरोबर बसायचं. मला दुसरं काही येत नाही. नव्या तिजोऱ्या बटणाच्या, त्या कंपनीचा माणूस येऊन उघडतो. दुकान गेलं की याकोब गेला, एवढं सरळ गणित होतं. माझी बायको मार्था चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग घेते. तिची रीत अशी, की घरात पैसा आला की पहिल्यांदा देवाचा वाटा बाजूला, मग किराणा, मग बाकी. बाकी म्हणजे काय असतं हे आमच्या घरानं क्वचितच पाहिलं. अनामत तर त्या 'बाकी'तून येणार होती!

मे महिन्यात एका बाईचा फोन आला.

"किल्लीवाले का? परतवाड्याहून बोलून राह्यली. या. तिजोरी मोजायले लागली."

"कोण मोजतंय, मावशी?"

"या तर खरं."

परतवाड्याला जंगलचं सागवान येतं, म्हणून लाकडाचे व्यापारी तिथं पिढ्यान्‌पिढ्या. हे घर एका लाकूडवाल्या शेठचं होतं. स्लॅबचं घर, मागं बंद पडलेली आरागिरणी. शेठ दोन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. मागं राहिल्या सुभद्राबाई, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेल्या, सकाळ-संध्याकाळ येणारा दूधवाला आणि नागपूरला एक पुतण्या.

तुम्ही भुताच्या गोष्टी अमावास्येच्या रात्री सांगता. वऱ्हाडात राहिला नाहीत म्हणून. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी जे होतं ते कुठल्या रात्री होणार नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. सावली पायाखालून निघून कुठं तरी जाऊन बसते. मी बसस्टँडवरून त्या घरापर्यंत गेलो, वाटेत एक माणूस भेटला नाही. आणि आरागिरणीपाशी आलो तेव्हा करवतीचा आवाज आल्यासारखा वाटला. पाहिलं तर करवतीवर कोळ्याची जाळी.

आत काळोख. खिडक्या बंद, कूलर बंद. सुभद्राबाई बंगईवर बसलेल्या, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, पण झोका न घेता.

"कूलर लावू का, मावशी? जीव जाऊन राहिला."

"नको. मंग ऐकू येत नाही."

"काय?"

"बस. बारा होऊ दे."

बारा झाले. पलीकडच्या खोलीत भिंतीत बसवलेली तिजोरी होती. तिथून आवाज आला. टक्. मग जरा वेळानं, टक्. मग टक्. नाण्यावर नाणं ठेवावं तसा. घाई नाही, आळस नाही. रोजचं काम असावं तसा.

मी जाणकार माणूस. म्हटलं, मावशी, लोखंड आहे, उन्हानं फुगतं, बोलतं. ती भिंत पश्चिमेची आहे का?

"उत्तरेची हाये. उन्ह पडत नाही तिच्यावर," त्या म्हणाल्या. "तिजोरीपाशी जा अन् हात लाव."

मी गेलो. तळहात टेकवला. तिजोरी थंडगार, माठासारखी. आणि माझा हात लागताच आवाज थांबला. हात काढला. श्वास रोखून उभा राहिलो. टक्.

राजेहो, तिथून मी पळालो असतो. पण बाहेरचं ऊन आणि आतली तिजोरी यांत निवड करायची होती, आणि ऊन मला ठाऊक होतं. मी बसलो. प्रार्थना म्हटली. मधल्या त्या मागण्यावर असा जोर दिला, की ती बहुतेक मोठ्यानंच निघाली. पितळी फूल सरकवलं, रॉकेल पाजलं, तारा घातल्या. सुभद्राबाईंच्या गळ्यात खरी किल्ली होती, पण आतली एक पट्टी अडकली होती. शेठ गेले त्या दिवसापासून किल्ली फिरत नव्हती, असं त्या म्हणाल्या. मी ती पट्टी चाचपत होतो आणि मला असं वाटत होतं, की पलीकडूनही कोणी तरी तीच पट्टी बोटानं दाबून धरली आहे. मी उचलली की ती खाली. मी सोडली की वर. असा खेळ बराच वेळ चालला. मग एकदम, जसं कोणी कंटाळून हात काढून घ्यावा, तशी ती सुटली.

मूठ अर्धी फिरवली. कुलूप सुटलं. मी बाजूला झालो, पाठ केली.

तिजोरीनं श्वास सोडला. किमामाचं पान. ताजं, आत्ता तोंडात टाकल्यासारखं. बाहेरच्या खोलीतून बंगईची कडी कुरकुरली. मान वळवून पाहिलं तर सुभद्राबाई उभ्या राहिल्या होत्या आणि डोईवर पदर घेत होत्या. नवरा घरात आला की जुन्या बायका घेतात तसा.

मी घाईनं तोंड पुन्हा भिंतीकडं केलं.

"उघडली, मावशी," मी म्हणालो. "दार तुम्ही ओढा."

"मी ओढून काय पाहू? तूच ओढ अन् मले सांग, आत काय हाये."

"आमच्यात तसं चालत नाही. मालकानंच ओढायचं."

"मालकाले दिसत नाही ना, बाबू!"

"मग दूधवाल्याला बोलवू. साक्षीला कोणी तरी पाहिजे."

"दूधवाल्याले सांगतलं त सांजपर्यंत परतवाडाभर होईल. अन् पुतण्याले कळलं त उद्या मले नागपूरले नेऊन एका खोलीत टाकील, अन् इथं कुलूप त्याचं. तूच पाय. इतके वर्षं झाले, मले एकदा कोणी तरी सांगा, आत काय हाये."

चाचांनी या वेळेसाठी नियम शिकवला नव्हता. आंधळ्या मालकासाठी कोणाकडंच नियम नसतो. मी वळलो आणि जन्मात पहिल्यांदा तिजोरीचं दार ओढलं.

मी काय पाहिलं ते सांगतो. खालच्या कप्प्यात बंद झालेल्या नोटांच्या थप्प्या, मेलेल्या पारव्यांसारख्या मऊ, राखाडी. मधल्या कप्प्यात दागिने, फडक्यांत बांधलेले. आणि वरच्या कप्प्यात सोन्याच्या गिन्न्या, एकावर एक रचून, खांबांसारख्या, अगदी सरळ. तेवढ्या अंधारात त्यांना उजेड कुठून मिळत होता कोण जाणे. त्या खांबांच्या पुढं एक गिन्नी एकटी, काठावर उभी होती आणि अजून हलत होती. मी पाहत असतानाच ती डुलली आणि आडवी झाली. टक्.

"काय हाये?" बाईंनी विचारलं.

माझ्या एका मुठीत माझं दुकान मावत होतं. चाचांची फळी, कोपराचा खड्डा, रस्त्यावरून जाणाऱ्यांचा 'काय याकोबभाऊ', सगळं. मूठभर गिन्न्या उचलल्या तर त्या खांबांना कळलंही नसतं. या बाईला दिसत नव्हतं. तिला मुळात काय आहे हेच ठाऊक नव्हतं. पुतण्याला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो मेला होता.

आणि मग कानापाशी, तोंडात पान धरून बोलतात तशा आवाजात, कोणी तरी हळूच म्हणालं, "काही नाही म्हन."

मी इतकी वर्षं रविवारी ऐकत आलो, की सैतान असं करतो, सैतान तसं करतो. मला वाटायचं, तो आला तर गंधकाचा वास येईल. याला किमामाचा वास होता आणि त्याला वऱ्हाडी येत होती. धमकी नाही, घाई नाही. धंद्यातला जुना माणूस नव्याला भाव सांगतो तसं आपुलकीनं. "काही नाही म्हन."

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. खरंच आला होता. त्याच वेळी, काय झालं कोण जाणे, मला आमची दानाची थैली दिसली. उपासनेत फिरवतात ती, लाल मखमलीची, लांब दांड्याची. ती बाकावरून बाकावर येते, तिचं तोंडही असंच काळं असतं, आणि मार्था तिच्यात हात घालते तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत आत जाऊन रिकामा बाहेर येतो. पुढच्या रविवारी ती थैली माझ्यापुढं येणार, आणि मी त्या भोकात हात घालणार, आणि ते भोक मला ओळखणार, असं मला वाटलं. बस, एवढंच वाटलं.

मी तोंड मिटलं.

मागून सुभद्राबाई म्हणाल्या, "काय म्हणला तो?"

राजेहो! मी तिजोरीच्या दाराला धरून उभा राहिलो. "कोण, मावशी?"

"आता तुह्या कानात बोलला ना. काय म्हणला?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "म्हणाला, काही नाही म्हण."

बाई हसल्या. डोईवर पदर, डोळे मिटलेले, त्या एकट्याच हसत राहिल्या. "जलमभर थेच! मी विचारलं, अहो, तिजोरीत काय हाये? की म्हणे, काही नाही. भाऊ विचारे, काही नाही. दारात कोणी मागायले आलं, काही नाही. मेला तवाही मी उशाशी बसून विचारलं. काही नाही. अजून तोंडात थेच हाये मेल्याच्या." मग एकदम गप्प होऊन म्हणाल्या, "तू सांग."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, एकेक वस्तू. माझा स्वभाव वाढवून सांगायचा, पण त्या दिवशी माझ्या जिभेला वाढवणं जमेना. मग त्यांचा हात धरून आणला आणि कप्प्यात ठेवला. गिन्न्यांवरून त्यांची बोटं अशी गेली, जशी माणसाची बोटं दुसऱ्याच्या वस्तूवरून जातात. दागिन्यांच्या एका फडक्यावर मात्र थांबली. गाठ सोडायला लावली. आत एकदाणी होती, जुन्या घडणीची, सोन्याचे मणी ओवलेली माळ.

"माह्या मायची," त्या म्हणाल्या. "हे चोरीले गेली होती. धाकटी बहीण, विमल, बाळंतपणाले आली होती इथं. तो म्हणला, तिनंच नेली. मी तिचं तोंड पाह्यलं नाही त्या दिवसापासून. आता त कोणाचंच दिसत नाही."

 तिजोरीतूनही टक् आलं नाही.

मग त्यांनी ती माळ गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "भर मूठ. तुह्या हातानं भर, मी मोजत नाही. तू खरं बोलला."

बघा, आता तर चोरीही नव्हती. मालकीण स्वतः देत होती. मी हात पुढं केलाही असेल. पण बाई पुढं म्हणाल्या, "तू ने, म्हणजे तो तुह्या मागं येईल. तिकडं मोजीत बसेल. मले जरा झोप लागेल."

भोळेपणानं म्हणाल्या की जाणून, ते मला आजवर कळलं नाही. मी हात मागं घेतला. भीतीनं घेतला की विश्वासानं, असं मी आमच्या पाळकसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, कधी कधी देव दोन्ही घोडे एका गाडीला जुंपतो. मला ते पटलं. पण खरं कारण सांगू? ते सोनं घरी नेलं असतं तर मार्थानं आधी देवाचा वाटा बाजूला काढला असता. त्या गिन्न्यांतली एक गिन्नी मार्थाच्या बोटांत, तिच्या त्या खडबडीत, कणकेच्या वासाच्या बोटांत, ही कल्पनाच मला सोसवेना.

"मजुरी ठरली तेवढी द्या, मावशी," मी म्हणालो.

"रोकडे नाहीत ना. याच्यातून घे नाही त राहू दे."

"राहू दे."

"मंग लाव दार," त्या म्हणाल्या. मी लावलं. पट्टी दुरुस्त केली होती, किल्ली सहज फिरली. निघताना मी त्यांच्या दोन्ही खिडक्या उघडल्या आणि कूलर लावला. त्यांनी अडवलं नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मी अनामतीसाठी जिथं जिथं शब्द टाकता येईल तिथं टाकला. जमलं नाही. नाताळाआधीच्या शनिवारी मी दुकान रिकामं केलं. तारा, कानशी, चाचांचा अडकित्त्यासारखा पक्का चिमटा, सगळं एका पेटीत मावलं. एवढ्याशा पेटीवर मी जन्म काढला होता! फळी नव्या मालकाला मागितली, पण ती भिंतीत होती. आता तिथं मोबाईलचे कव्हर मिळतात. मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा पलीकडच्या बाजूनं जातो.

शटर ओढत होतो तेव्हा परतवाड्याहून फोन आला. सुभद्राबाईंनी बहिणीचा पत्ता लावला होता, दूधवाल्याचं पोर पाठवून तिला आणवलं होतं आणि विमल आता तिथंच राहत होती. मागून दुसऱ्या म्हातारीचं खोकणं ऐकू येत होतं. मी विचारलं, "मावशी, आवाज थांबला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण आता मले माईत हाये, तो काय मोजते. दोघी बसून ऐकतो."

मी पेटी घेऊन घरी आलो. मार्था ओट्यावर करंज्यांचं सारण परतत होती. घरभर खोबरं आणि वेलची. मी पेटी दारामागं ठेवली, पाटावर बसलो आणि त्या दुपारचं सगळं तिला पहिल्यांदाच सांगितलं. किमाम, ती डुलणारी गिन्नी, कानातला आवाज, भरायची राहिलेली मूठ. माझ्या पद्धतीनं, हातवारे करून. ती उलथनं न थांबवता ऐकत होती. शेवटी हातवारे आपोआप थांबले. मी म्हणालो, "एका मुठीनं दुकान राहिलं असतं, मार्था. ती देत होती. खरं सांग, चुकलो का मी?"

मार्थानं गॅस बारीक केला आणि देवाच्या वाट्याच्या डब्यातलं, थैलीत टाकायचं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"उद्या उपासना आठाले हाये," ती म्हणाली. "नऊले नाही."